आठ चाळीस

"तुम्हीच सांगा ना, किती वाजता हवंय तुम्हाला?" काकू म्हणाल्या, आणि सिस्टरचं पेन कागदावर टेकलं होतं तिथंच राहिलं. तसं पाहिलं तर थांबण्यासारखं त्यात काही नव्हतं. पलंगाला लागून फरशीवर काकूंचा नवरा पडला होता, उजवा हात अंगाखाली दबलेला, तोंड एका बाजूला उतरलेलं. घरात तीन परकी माणसं बुटांसकट शिरली होती आणि त्यातली एक सारखी वेळ विचारत होती. अशा वेळी माणसं काय वाटेल ते बोलतात. मागं एका गृहस्थानं आईला उचलून नेताना स्वतःच्या चपलांसाठी घर डोक्यावर घेतलं होतं आणि त्या पायातच आहेत हे त्याला दाखवून द्यावं लागलं होतं. त्यावर हसायचं असतं, तेही नंतर, गाडीत. पण काकूंचं वाक्य घाबरलेल्या माणसाचं नव्हतं. चांगलं शांत होतं. पाव किलो देऊ की अर्धा, असं दुकानदारानं गिऱ्हाइकाला विचारावं तसं त्यांनी विचारलं. सिस्टरनं घड्याळाकडं पाहिलं, दहाला दोन मिनिटं कमी होती, आणि ती म्हणाली, "म्हणजे आठ चाळीस धरू?" काकूंनी मान हलवली. "आठ चाळीस."

ही गाडी म्हणजे साधी रुग्णवाहिका नव्हे. साधी रुग्णवाहिका माणसाला दवाखान्यात नेते. ही दवाखान्यालाच माणसाच्या दारात आणते. आत डोक्याचा फोटो काढणारं स्कॅन मशीन आहे, रक्त तपासायची सोय आहे आणि भिंतीवर एक पडदा आहे, त्यात मेंदूचे डॉक्टर खांद्यापर्यंत दिसतात. लोक तिला मेंदूची गाडी म्हणतात. ती चालवणारे मामा म्हणतात, बाकीच्या ड्रायव्हरांना रस्ते माहीत असतात, मला चढउतार माहीत आहेत. कारण फोटो काढताना गाडी बोटभर कललेली चालत नाही, तिचे लोखंडी पाय खाली सोडून ती सपाट करावी लागते. हा सगळा खटाटोप वेळेसाठी. मेंदूत गुठळी अडकली तर ती विरघळवणारं औषध आहे, पण ते साडेचार तासांच्या आत द्यायचं. त्यानंतर तेच औषध उलटायची भीती असते, डोक्यात रक्तस्राव होतो, आणि वाचवायला घेतलेला माणूस आपल्याच हातून जातो. आणि हे साडेचार तास मोजायचे ते माणूस पडलेला सापडला तिथपासून नव्हे, तर त्याला धडधाकट असताना कुणी शेवटचं पाहिलं तिथपासून. घरच्यांना हा फरक पटकन समजत नाही. ते सापडल्याची वेळ अगदी मिनिटासकट सांगतात, कारण तेव्हा ते धावले होते, ओरडले होते. त्याआधी त्या माणसाकडं कधी पाहिलं होतं, हे विचारलं की बहुतेक घरं गप्प होतात. एका घरात राहणारी माणसं एकमेकांकडं किती कमी पाहतात हे सिस्टरइतकं क्वचितच कुणाला माहीत असेल.

माणसांना वेळ आठवत नाही, गोष्टी आठवतात, हे तिनं या गाडीवरच्या अकरा वर्षांत शिकून घेतलं होतं. म्हणून ती वेळ विचारायचीच नाही. शाळेची बस आली होती का, लिफ्ट बंद पडली ती याच्या आधी की नंतर, टीव्हीवर काय लागलं होतं, दूध उतू गेलं तेव्हा कोण ओरडलं. एक टोक हाताला लागलं की बाकीचा दोरा आपोआप उलगडत यायचा. मामा तिला घड्याळबाई म्हणत. ही दगडालाही विचारील आणि तो हिला मिनिटं सांगेल, असं नव्या माणसांना कौतुकानं सांगत. पडद्यावरचे डॉक्टर इतरांनी सांगितलेली वेळ दोनदा विचारून घेत, तिची एकदाच. याचा तिला अभिमान होता, आणि तो तिनं कुणापासून लपवलेलाही नव्हता. आज मात्र दोरा लागत नव्हता. काकू नुसतं "सकाळी" म्हणत होत्या. सकाळी म्हणजे किती? सकाळी. बोलले का तुमच्याशी? तसं नाही बोलले. दिसले का? काकूंनी पदराच्या टोकाला पीळ घातला. मग सिस्टरनं कचऱ्याची गाडी काढली. "कचऱ्याची गाडी येते ना तुमच्याकडं? किती वाजता येते?" आठ चाळीसला. रोज? रोज. "तेव्हा काका उठले होते ना?" काकू म्हणाल्या, "असतील." "असतील की होते?" सिस्टरचा आवाज जरा चढला होता. आणि तेव्हा काकूंनी ते विचारलं.

पुढचं सगळं नेहमीसारखं, म्हणजे उत्तम झालं. मामांनी गाडी आधीच इमारतीमागच्या सपाट जागेत लावून पाय सोडले होते. तंत्रज्ञानं, ज्याला मामा फोटोग्राफर म्हणतात, डोक्याचा फोटो काढला, रक्तस्राव नव्हता. डॉक्टर पडद्यावर आले, त्यांनी काकांना डावा हात उचलायला लावला, तो उचलला. उजवा उचलायला लावला, काकांनी डावाच परत उचलला. नाव विचारलं तर काका ओठ हलवत राहिले. "धडधाकट शेवटचं कधी?" डॉक्टरांनी विचारलं. "आठ चाळीस, सर." "कुणी पाहिलं?" "पत्नीनं." डॉक्टरांनी एकदाच विचारलं. वजनाचा हिशेब झाला, औषधाचा पहिला भाग सिस्टरनं एकदम टोचला आणि उरलेला पंपाला लावला. तो थेंबाथेंबानं तासभर जाणार होता. दहा बावीस. मामांनी पाय वर घेतले. काकूंना पुढं मामांच्या शेजारी बसवलं आणि गाडी निघाली. तंत्रज्ञ म्हणाला, "चोवीस मिनिटं. या महिन्यातलं सगळ्यात झटपट काम." ती हसली. हसतानाच तिची नजर कागदावरच्या आठ चाळीसवर गेली.

किती वाजता हवंय तुम्हाला. तिला हवं होतं, हे खरंच होतं. तिला सहाच्या पुढचं काहीही चाललं असतं. आणि त्या बाईनं ते ओळखलं होतं. आपण घराघरांत जाऊन माणसांच्या तोंडून वेळ काढतो असं इतकी वर्षं ती समजत होती, आणि आज पहिल्यांदा तिला असं वाटलं की काढतो तशी घालतही असू. किती घरांत घातली असेल? ती बस, तो उतू गेलेला टोप, ती बंद लिफ्ट. तिनं हा विचार झटकला आणि काकांचा रक्तदाब पाहिला. आटोक्यात होता. पुढची केबिन आणि मागचा भाग यांच्या मधोमध एक सरकती काच असते, ती अर्धी उघडी होती आणि काकूंचं बोलणं ऐकू येत होतं. धास्तीनं काही माणसं मुकी होतात, काही बोलत सुटतात. काकू मामांना सांगत होत्या की हे वजनमाप खात्यात होते, दुकानांतले तराजू तपासायचे, अर्ध्या ग्रॅमसाठी मोठमोठ्या लोकांशी भांडलेले आहेत. निवृत्त झाले तरी शिस्त तीच. "सातच्या ठोक्याला दाढी. अंगात ताप असला तरी दाढी. दाढी झाल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत, बघा." मामा म्हणाले, "आमच्याकडं उलटं आहे." आणि त्याच वेळी सिस्टर काकांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आलेली लाळ कापसानं पुसत होती. कापूस गालावर अडकला. तिनं हातमोजा घातलेला अंगठा गालावरून फिरवला, मग हनुवटीखालून, मग दुसऱ्या गालावर. खुंट होते. कालचे, पांढरे, खरखरीत. सात वाजता दाढी झालेली नव्हती.

काका तिच्याकडं पाहत होते. शब्द गेलेल्या माणसांचे डोळे फार बोलतात असं लोक म्हणतात. ते खरं नाही. ते नुसते बघतात आणि बोलायचं काम आपल्यावर टाकतात. तिच्या वडिलांनी नऊ वर्षं तिच्याकडं असं बघितलं होतं. ते पडले तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. वडिलांनी तिला न विचारता, लग्नानंतर मुलगी नोकरी सोडील असं कुणाला तरी फोनवर कबूल केलं होतं, आणि ती पाच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती. दुपारी दोनला ती ड्यूटीवरून आली. वडील बाहेरच्या खोलीत दाराकडं पाठ करून खुर्चीत बसले होते. गुडघ्यावर वर्तमानपत्र होतं. ती त्यांच्या मागून सरळ आपल्या खोलीत गेली, दार लावलं आणि झोपली. सहाला आई बाहेरून आली, तेव्हा वडील खुर्चीतच एका अंगावर कलंडलेले होते, आणि तिनं हाक मारली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, धडधाकट कधी पाहिलं, आणि आई तिच्याकडं बघायला लागली, कारण घरात तीच होती. तिच्या अंगावर अजून नर्सचे कपडे होते. नर्स असून बापाच्या मागून गेलीस आणि पाहिलंही नाहीस? असं कुणी म्हणालं नाही, पण म्हणतील असं तिला वाटलं. ती म्हणाली, "दोन वाजता. बोलले माझ्याशी. जेवलीस का, असं विचारलं. मी हो म्हटलं." इतकंच. त्या दवाखान्यात तेव्हा हे औषधच नव्हतं, त्यामुळं तिच्या खोट्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. पण खोटं एकदा घरात आलं की भाडेकरूसारखं राहतं, उठता उठत नाही. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची: शेवटचे शब्द काय, तर जेवलीस का! बापाचा जीव! पाहुण्यांचे डोळे भरून यायचे. आणि वडील तिथंच खुर्चीत बसलेले असायचे, उजवा हात मांडीवर ठेवलेला, आणि तिच्याकडं बघायचे. रागानं नाही. नुसते बघायचे. ते हे बोलले नव्हते हे जगात दोघांनाच ठाऊक होतं आणि त्यातल्या एकाला बोलता येत नव्हतं.

"सिस्टर, हात बघा," तंत्रज्ञ म्हणाला. काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं चादरीवर हलली होती. पुन्हा हलली. तंत्रज्ञाचा चेहरा उजळला. "लागू पडतंय! तिकडं पोचेपर्यंत टाळ्या वाजवतील." पंपाच्या पडद्यावर आकडा पुढं सरकत होता. बारा मिनिटं झाली होती, अजून अठ्ठेचाळीस बाकी. ती आत्ता गप्प राहिली असती तर कुणी काही विचारणार नव्हतं. कागदावर आठ चाळीस होतं, पत्नीनं पाहिलं असं होतं, आणि बोटं हलत होती. खुंट म्हणजे काही पुरावा नव्हे. एखाद्या दिवशी माणूस दाढी नाही करत. आणि बोलली आणि औषध थांबलं आणि हा माणूस नऊ वर्षं खुर्चीत बसला तर? आणि नाही बोलली आणि पुढच्या अर्ध्या तासात डोक्यात रक्त उतरलं तर? दोन्हीकडं तीच होती. तिला फार भीती वाटली, त्या माणसाच्या जिवाची आणि तितकीच स्वतःचीही, हे तिनं मनातल्या मनात कबूल केलं. मग ती सरकून काचेशी गेली आणि ती पूर्ण उघडली.

"काकू, इकडं बघा. आता मी कचऱ्याची गाडी वगैरे काही विचारत नाही. तुमच्या तोंडात शब्दही घालत नाही. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी काकांना शेवटचं कधी पाहिलं?"

काकू मान वळवून बसल्या. मामांनी रस्त्यावरची नजर काढली नाही, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका केला.

"काल," काकू म्हणाल्या. "पावणेदहाला. मला न विचारता माझं शिलाई मशीन गॅलरीत टाकलं त्यांनी, म्हणून वाजलं आमचं. मी बाहेरच्या खोलीत झोपले. सकाळी दार लोटलेलं होतं. तीनदा गेले त्या दारावरून. म्हटलं, बसू दे फुगून. मग साडेनऊच्या सुमाराला धपकन आवाज आला." आणि मग, पहिल्यांदाच, त्यांचा आवाज फुटला. "तुम्हाला अलीकडची वेळ पाहिजे होती हो. मला वाटलं, नाही दिली तर औषध देणार नाही तुम्ही."

सिस्टरनं पडद्याचं बटण दाबलं. डॉक्टर आले तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता. "सर, शेवटची वेळ आठ चाळीस नाही. काल रात्री पावणेदहा. आज सकाळी कुणी पाहिलेलं नाही." डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "पण पत्नीनं—" "पत्नीनं नाही सांगितलं. मी सुचवलं, त्या हो म्हणाल्या. वेळ माझी आहे, सर." डॉक्टरांनी समोरच्या कागदावरची वेळ खोडली. रागावले असते तर बरं झालं असतं. "पंप बंद करा," ते म्हणाले. "दर पाच मिनिटांनी रक्तदाब, शुद्ध बघत राहा. आल्या आल्या फोटो परत काढू." तिनं पंप बंद केला. तंत्रज्ञ खिडकीबाहेर बघू लागला. काकांची बोटं त्यानंतर हलली नाहीत. हलली आणि आपण पाहायचं टाळलं, असं नको म्हणून ती उरलेला सगळा रस्ता त्या बोटांवर नजर ठेवून बसली. ती हलली नाहीत.

दवाखान्यात दुसरा फोटो निघाला. रक्तस्राव नव्हता. मोठ्या मशीनवरही पाहिलं. घाव नवा की जुना हे त्यावर कधीकधी कळतं, पण हा अधलामधला निघाला, आणि गुठळी इतक्या बारीक फांदीत होती की तार घालून ओढून काढण्यासारखी नव्हती. आता वाट बघायची. डॉक्टर बाहेर आले, सिस्टरला म्हणाले, "लेखी द्यावं लागेल," आणि जाता जाता, "बोललात हे बरं केलंत." दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच सुरात म्हटली. मामा गाडी धुवायला घेऊन गेले होते. तिला जायला हरकत नव्हती. पण काकू कॉरिडॉरमधल्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या, मांडीवर नवऱ्याचा चष्मा आणि घड्याळ, आणि त्यांच्या समोरून न बोलता निघून जाणं आज तिला जमेना.

"तुम्हाला कशावरून कळलं?" काकूंनी विचारलं. "मी खोटं बोलले ते."

"दाढी नव्हती केलेली. तुम्ही मामांना म्हणालात ना, सातला करतात."

काकूंनी मांडीवरचा चष्मा पदरानं पुसला. "रुसले की नाही करत," त्या म्हणाल्या. "रुसले की दाढी न करता पडून राहायचं. मग मी जाऊन म्हणायचं, उठा आता. छत्तीस वर्षं तेच. मी जाईपर्यंत उठत नाहीत. म्हणजे सकाळी ते ठीकही असतील. पडून वाट बघत असतील."

तसं असेल तर आठ चाळीस खरंही असू शकत होतं, आणि सातही, आणि पहाटेचे चारही. कचऱ्याच्या गाडीनं काही सांगितलं नव्हतं आणि दाढीनंही काही सांगितलं नव्हतं. नियमानं पाहिलं तर पंप बंद करणंच बरोबर होतं. ते तिला पाठ होतं आणि त्याचा या क्षणी काही उपयोग नव्हता.

"मी सातला दार उघडलं असतं, तर वाचला असता का हात?"

हे तिला इतर घरांतूनही विचारलं गेलं होतं. त्याचं एक ठरलेलं उत्तर होतं, मऊ, सगळ्यांना चालणारं: तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ते तिच्या ओठांवर आलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "कदाचित वाचला असता. कदाचित तेव्हाच उशीर झालेला असेल. हे आता कुणालाच कळणार नाही, काकू. डॉक्टरांनासुद्धा नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

काकूंनी मांडीवरचं घड्याळ उलटं करून ठेवलं. "मग असं राहायचं कसं हो माणसानं? काहीच न कळता?"

स्ट्रेचर ढकलत दोघे जण गेले, त्यांना वाट द्यायला सिस्टर भिंतीला टेकली. ते गेल्यावर ती बाकावर काकूंच्या शेजारी बसली.

"माझ्या वडिलांनी मला जेवलीस का, असं विचारलं नव्हतं," ती म्हणाली. यातलं एक अक्षरही काकूंना कळायचं कारण नव्हतं, पण त्या ऐकायला वळल्या. "मी दोन वाजता त्यांच्या मागून गेले. पाहिलंच नाही त्यांच्याकडं. थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते."